इरावती : नदी, अन्न की वीज?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी झाली, नक्षत्र कृत्तिका, दुसरा चरण, त्यामुळे पंचांगात अक्षर निघालं ‘इ’. तुम्हाला ‘इरावती’ हे नाव मनापासून आवडलंय. पण नावांच्या संकेतस्थळांवर त्याचे पाच निरनिराळे अर्थ सापडले: नदी, वीज, समुद्र, सरस्वती आणि ऐरावताची आई. आत्यांनी सांगितलं की नदीचं नाव मुलीला ठेवू नये. सासूबाईंना ते लीलावती-कलावतीसारखं जुनाट वाटतं. यजमान म्हणतात, एवढं लांब कशाला, सरळ ‘इरा’ ठेवू, आणि वर्षा-दोन वर्षांत नोकरीसाठी जर्मनीला जावं लागेल तेव्हा तेच सोयीचं पडेल. तुम्ही विचारता: नाव खरंच दुर्मीळ आहे का, त्याचा नेमका अर्थ काय, आणि ठेवावं की नाही?

मी संस्कृत शिकवते आणि बारशांचं पौरोहित्यही करते. त्यामुळे असे प्रश्न माझ्याकडे बारशाच्या आठवडाभर आधी, बहुतेक वेळा घाईघाईत येतात. अनुभव असा की ‘अर्थ काय’ असं विचारणाऱ्याला बहुधा अर्थ नको असतो, उद्या कुणी नाक मुरडलं तर द्यायला उत्तर हवं असतं. तुमच्याही प्रश्नात तीन निरनिराळ्या काळज्या एकमेकींत अडकल्या आहेत: अर्थ खरा आहे का, नाव अशुभ तर नाही ना, आणि ते मुलीला आयुष्यभर वापरायला जड जाईल का. पहिल्या दोन्हींची उत्तरं ग्रंथांत आहेत, ती मी ठामपणे देऊ शकते. तिसरी तुमच्या आडनावावर, राहण्याच्या ठिकाणावर आणि स्वभावावर अवलंबून आहे. तिथे मी फक्त माझं मत सांगेन.

अर्थापासून सुरुवात करू. मूळ शब्द ‘इरा’. तो ऋग्वेदात आहे आणि तिथे त्याचा अर्थ पोषण, अन्न, तृप्त करणारं पेय असा होतो. पर्जन्यसूक्तात (मंडल 5, सूक्त 83) पावसाचं वर्णन आहे: वारे सुटतात, विजा कोसळतात, वनस्पती उसळून वर येतात, आणि मग ‘इरा विश्वस्मै भुवनाय जायते यत्पर्जन्यः पृथिवीं रेतसावति’. पर्जन्य पृथ्वीला सुफळ करतो तेव्हा साऱ्या जगासाठी ‘इरा’ उत्पन्न होते. मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर शेतकऱ्याच्या मनात जे काही येतं, ते सगळं त्या एका शब्दात आलंय असं मला नेहमी वाटतं.

या ‘इरा’ला ‘असलेली’ या अर्थाचा प्रत्यय लागला की ‘इरावती’ होतं. पद्मावती, प्रभावती, सत्यवती यांची घडण अशीच. म्हणजे इरावती म्हणजे जिच्याजवळ अन्न आहे, पोषण आहे, अशी. समृद्ध, तृप्त करणारी. हा अर्थ ओढूनताणून आणलेला नाही. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातल्या 99व्या सूक्तात ‘इरावती धेनुमती हि भूतम्’ असे शब्दच आले आहेत. ते द्यावापृथिवींना, म्हणजे आकाश आणि पृथ्वी या जोडीला उद्देशून आहेत: तुम्ही दोघी अन्नानं भरलेल्या, गाईंनी भरलेल्या व्हा. इथे ते विशेषनाम नाही, विशेषण आहे, तेही द्विवचनात. म्हणून कुणी ‘वेदात इरावती नावाची देवी आहे’ असं सांगितलं तर मान डोलवू नका. पण शब्द तोच, अर्थ तोच, आणि तो आकाश-पृथ्वीला लावलेला आहे, हे अभिमानानं सांगा.

आता संकेतस्थळांवरचे पाच अर्थ. ते सगळे खोटे नाहीत, फक्त एकत्र कालवले गेले आहेत. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात, अनेक अर्थांचे शब्द देणाऱ्या नानार्थवर्गात, एक ओळ आहे: ‘इरा भूवाक्सुराप्सु स्यात्’. इरा म्हणजे भूमी, वाणी, सुरा आणि पाणी. यातली ‘वाणी’ उचलून कुणीतरी ‘सरस्वती’ केली, ‘पाणी’ उचलून ‘समुद्र’ केला. सुरा मात्र सगळ्यांनी सोयीस्करपणे गाळली! कोशातला एक अर्थ घ्यायचा आणि दुसरा लपवायचा, हे मला पटत नाही. पण सुरा हाही मुळात ‘तृप्त करणारं पेय’ या अर्थाचाच एक फाटा आहे, हे समजलं की दचकायचं कारण उरत नाही.

‘वीज’ हा अर्थ तर वेगळ्याच शब्दाचा. अमरकोशात विजेच्या नावांची यादी आहे: शम्पा, शतह्रदा, ह्रादिनी, ऐरावती, क्षणप्रभा, पुढे तडित्, सौदामनी, विद्युत्, चंचला, चपला. नीट पाहा, तिथे ‘ऐरावती’ आहे, ‘इरावती’ नाही. ऐरावत हा इंद्राचा हत्ती, मेघांशी जोडलेला, म्हणून ऐरावती म्हणजे वीज. रोमन लिपीतून देवनागरीत परत येताना ‘ऐ’चा ‘इ’ झाला, आणि तुमच्या इरावतीला फुकटात वीज मिळाली.

‘ऐरावताची आई’ हा पाचवा अर्थ मात्र खरा, आणि माझा आवडता. रामायणाच्या अरण्यकांडात जटायू रामाला आपली वंशावळ सांगतो. त्यात कश्यपाच्या क्रोधवशा या पत्नीची कन्या भद्रमदा, भद्रमदेची कन्या इरावती, आणि इरावतीचा पुत्र ‘लोकनाथो महागजः’ ऐरावत, असा क्रम आहे. व्याकरणही तेच सांगतं: ऐरावत हे नाव इरावतीवरून किंवा ‘इरावत्’ या शब्दावरून आलंय. आपल्याकडे ऐरावत समुद्रमंथनातून वर आला एवढंच सगळ्यांना ठाऊक असतं; त्याला आई होती आणि तिचं नाव असं होतं, हे फारसं कुणाला माहीत नसतं. एक धोका आत्ताच सांगून ठेवते: शाळेत चौथी-पाचवीच्या सुमारास कुणीतरी तिला ‘ऐरावत’ म्हणून चिडवणार. तेव्हा तिला सांगा की ऐरावताचं नाव तिच्यावरून पडलंय, तिचं ऐरावतावरून नाही.

तुम्हाला सगळ्यात जास्त ज्याची उत्सुकता आहे त्या नद्यांकडे येते. इथे थोडी रेंगाळणार आहे, कारण प्रकरण खरंच रसाळ आहे.

पहिली नदी पंजाबातली. आजची रावी, हिमाचलातल्या चंबा भागातून उतरून लाहोरच्या बाजूनं वाहणारी, हीच इरावती. ‘रावी’ हे नाव ‘इरावती’चंच झिजून झालेलं रूप आहे. पण ऋग्वेदात या नदीचं नाव इरावती नाही, परुष्णी आहे. दाशराज्ञ युद्ध, म्हणजे सुदास राजाची दहा राजांशी झालेली लढाई, या परुष्णीच्या काठची. मग इरावती हे नाव कुठून आलं? वैदिक शब्दांचा उलगडा करणाऱ्या यास्काच्या ‘निरुक्त’ या प्राचीन ग्रंथात, ऋग्वेदातल्या नदीसूक्तावरच्या विवेचनात, एक छोटं वाक्य आहे: ‘इरावतीं परुष्णीत्याहुः’, इरावतीलाच परुष्णी म्हणतात. याचा अर्थ यास्काच्या काळी लोकांच्या तोंडी ‘इरावती’ होतं आणि ‘परुष्णी’ हे जुनं नाव समजावून सांगावं लागत होतं. ग्रीक लेखकांनी अलेक्झांडरच्या स्वारीच्या संदर्भात ‘हायड्राओटिस’ अशी नदी लिहिली आहे, ती हीच. म्हणजे तुमच्या मुलीसाठी निवडलेलं नाव सुमारे अडीच हजार वर्षं लोकांच्या जिभेवर आहे.

दुसरी नदी ब्रह्मदेशातली, जिला इंग्रजांनी इरावडी केलं आणि 1989 मध्ये तिथल्या लष्करी सरकारनं रोमन लिपीतलं नाव बदलून ‘एयावडी’ केलं. सुमारे 2,170 किलोमीटर लांब, त्या देशाची जीवनवाहिनी. बर्मी लिपीत हे नाव ‘एरावती’ असं लिहितात, म्हणजे अक्षरांनी ते पालीच्या मार्गानं आलेलं, ऐरावताच्या घराण्यातलं. थायलंडमध्ये त्याच हत्तीला ‘एरावन’ म्हणतात. काटेकोरपणे पाहिलं तर ब्रह्मदेशातली नदी ‘ऐरावती’च्या जवळची आहे आणि पंजाबातली नेमकी ‘इरावती’. पण दोन्हींचं मूळ एकच, आणि मराठीत आपण दोघींनाही इरावतीच म्हणतो.

उत्तर प्रदेशात श्रावस्तीजवळून वाहणाऱ्या राप्तीचं नाव पाली ग्रंथांत ‘अचिरवती’ असं येतं. काही जण तिलाही या यादीत घालतात. मी घालत नाही, कारण तुमचा निर्णय तिच्यावर अडलेला नाही. मुलगी मोठी होऊन प्राण्यांची पुस्तकं वाचायला लागली की तिला आणखी एक नामबंधू सापडेल: ओडिशाच्या चिलिका सरोवरात दिसणारा बोथट तोंडाचा इरावडी डॉल्फिन.

मराठी घरांत हे नाव आलं ते ब्रह्मदेशाच्या वाटेनं. इरावती कर्वे, आपल्या थोर मानवशास्त्रज्ञ आणि लेखिका, यांचा जन्म 15 डिसेंबर 1905 रोजी ब्रह्मदेशातल्या मिंग्यान इथला. वडील गणेश हरी करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. मिंग्यान इरावतीच्या काठी आहे, आणि मुलीला नाव नदीवरून मिळालं. सातव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी पुण्याला, हुजूरपागेत पाठवलं. त्या काळच्या पुण्यात गोदावऱ्या, यमुना, द्वारका अशा नावांच्या मुलींमध्ये ही एक ‘इरावती’ कशी वाटली असेल! त्या काळात ब्रह्मदेश आपल्याला आजच्याइतका परका नव्हता. थिबा राजाला इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवलं होतं, आणि 1908 ते 1914 लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. मंडालेही त्याच नदीच्या काठचं. आता मराठी माणसाला ‘इरावती’ म्हटलं की नदीच्या आधी कर्वे आठवतात. अभिनय क्षेत्रात इरावती हर्षे आहेत, त्यांच्यामुळेही नाव कानावर पडतं. पण दोन-चार ठळक नावं सांगून संपतात, यातच ते किती विरळ आहे ते कळतं.

साहित्यात दोन इरावती आणखी आहेत. भागवताच्या पहिल्या स्कंधात परीक्षिताची पत्नी, उत्तराची मुलगी आणि जनमेजयाची आई इरावती आहे (महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाच्या आईचं नाव माद्रवती असं येतं, तो पाठभेदाचा विषय). दुसरी कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’तली, अग्निमित्राची धाकटी राणी. ही नाटकात मद्य घेऊन, झोकांड्या देत बागेत येते, राजाला मालविकेबरोबर पाहते आणि संतापून कमरपट्टा उगारते. अमरकोशातला तो ‘सुरा’ अर्थ ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला कालिदासानं हे नाव का निवडलं असावं याचा अंदाज येतो, निदान मला तरी येतो. तुमच्या नात्यात कुणी संस्कृतचे प्राध्यापक असतील तर बारशाला हे उदाहरण नक्की काढतील. काढू द्या. मला स्वतःला ती इरावती त्या नाटकातली सगळ्यात जिवंत बाई वाटते; राजापेक्षा तर नक्कीच.

इथवरचं एकत्र सांगते: अर्थ ‘अन्नसमृद्ध, पोषण देणारी’; नदी म्हणून रावी आणि ब्रह्मदेशातली इरावती; ऐरावताची आई म्हणून रामायण. वीज आणि समुद्र सोडून द्या. सरस्वती म्हणायचंच असेल तर ‘इरा या शब्दाचा कोशात वाणी असाही अर्थ आहे’ इतकंच म्हणा, त्यापुढे जाऊ नका.

आता आत्याबाईंचा आक्षेप. तो त्यांनी मनानं काढलेला नाही, हे आधी मान्य करू. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात नववा श्लोक आहे, ‘नर्क्षवृक्षनदीनाम्नीम्’ असा सुरू होणारा. त्यात नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी, साप वगैरेंची नावं असलेली मुलगी करू नये, असं म्हटलंय. लक्षात घ्या, हा नियम बारशाचा नाही, वधू निवडण्याचा आहे. आणि तो पाळायचा ठरवला तर नदीबरोबर नक्षत्रंही जातात: रोहिणी, रेवती, चित्रा, स्वाती, अनुराधा. तुमच्या घरात यातली एखादी निघाली नाही तरच नवल.

महाराष्ट्रानं तर हा नियम कधी मनावर घेतल्याचं दिसत नाही. गोदावरी, कृष्णा, नर्मदा, यमुना, सिंधू, कावेरी, शरयू या नावांच्या पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडे झाल्या. आनंदीबाई जोशींचं माहेरचं नाव यमुना होतं, रमाबाई रानड्यांचंही यमुना. वारल्यांच्या लढ्यातल्या गोदावरी परुळेकर घ्या, सिंधुताई सपकाळ घ्या. आत्यांना ही नावं सांगा, पण मनुस्मृतीचा तोच श्लोक त्यांच्या तोंडावर मारू नका. बारशाच्या दिवशी बाळाच्या कानात नाव सांगायचा मान त्यांचाच आहे, आणि रुसलेली आत्या कुठल्याही समारंभाला परवडत नाही.

उलट, नाव कसं असावं याबद्दल त्याच मनुस्मृतीत दुसऱ्या अध्यायात (श्लोक 33) जे सांगितलंय ते इरावतीला चपखल बसतं: स्त्रीचं नाव सहज उच्चारता येणारं, क्रूर नसलेलं, स्पष्ट अर्थाचं, मनोहर, मंगल आणि शेवटी दीर्घ स्वर असलेलं असावं. घरगुती संस्कारांचे नियम सांगणारं पारस्कर गृह्यसूत्र मात्र म्हणतं की मुलीच्या नावात विषम अक्षरं असावीत आणि ते आकारान्त, म्हणजे शेवटी ‘आ’ असलेलं, असावं. ‘इरावती’त चार अक्षरं आहेत आणि शेवट ईकारान्त आहे, म्हणजे दोन्ही बाबतींत नापास. पण सीता, दमयंती, पार्वती, रुक्मिणी, सावित्री यांची अक्षरं मोजून पाहा. सीता दोन, दमयंती चार. पार्वती, रुक्मिणी, सावित्री तीन अक्षरी पण ईकारान्त. परंपरेनं स्वतःच हा नियम सैल धरला आहे. मी बारसं करणाऱ्यांना नियम सांगते, पण नाव बदलायला कधी सांगत नाही.

अक्षराबद्दलही एक खुलासा, कारण ‘इ’ आलं नसतं तर तुम्ही या नावाकडे वळला असता की नाही कुणास ठाऊक. नामकरण विधीत बाळाला चार नावं देतात: कुलदेवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि व्यवहाराचं. नक्षत्राच्या चरणावरून नावाचं अक्षर सांगणाऱ्या अवकहडा चक्रात कृत्तिकेच्या चार चरणांना अ, इ, उ, ए ही अक्षरं दिली आहेत, आणि दुसरा चरण म्हणून तुम्हाला इ आलं, रास वृषभ. हे अक्षर नक्षत्रनावाला लागू. व्यवहारातलं नाव त्याच अक्षरावरून असलंच पाहिजे असं बंधन विधीत नाही. हल्ली लोक दोन्ही एकच करतात, सोय म्हणून. त्यामुळे उद्या घरात ‘इ’वरून भांडण झालंच तर नक्षत्रनाव वेगळं ठेवून मार्ग काढता येतो. उलट, तुम्हाला इरावती हवंच असेल तर अक्षर जुळलंय, हा मुद्दा ज्येष्ठांसमोर तुमच्या बाजूनं जमा.

लोकप्रियतेचं काय? अमेरिकेत सामाजिक सुरक्षा खातं दरवर्षी जन्मलेल्या मुलांच्या नावांची आकडेवारी जाहीर करतं, एका वर्षात किमान 5 बाळांना दिलेलं नाव असेल तर ते त्यात येतं. इंग्लंड-वेल्सच्या यादीत ही मर्यादा 3 आहे. भारतात अशी सरकारी यादी निघतच नाही. म्हणून ‘इरावती हे भारतात अमुक क्रमांकाचं नाव आहे’ असं कुठेही वाचलंत तर ते त्या संकेतस्थळावर किती जणांनी ते शोधलं याचं मोजमाप आहे, किती मुलींचं नाव आहे याचं नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर बारशांत आणि वर्गात ‘इरा’ आता वारंवार ऐकू येतं, आणि त्याच्या जोडीला कायरा, मायरा, शायरा अशी एका सुरातली नावं. ‘इरावती’ क्वचित. सासूबाईंना लीलावती-कलावती आठवतात त्याचं कारण ‘वती’. पण त्या नावांना आजीपण आलं ते एका पिढीत ती घरोघर होती म्हणून. इरावती कधीच घरोघर नव्हतं, त्यामुळे ते कुठल्याच पिढीला चिकटलेलं नाही. विरळ नावाचा हा एक फायदा असतो.

यजमानांचं ‘नुसतं इरा’ मला पटत नाही, आणि त्याची कारणं भावनिक नाहीत. कागदावर ‘इरावती’ असेल तर घरी, मैत्रिणींत, कचेरीत ‘इरा’ म्हणून वापरता येतं; उलटं करायचं झालं तर राजपत्र आणि प्रतिज्ञापत्राच्या फेऱ्या. शिवाय ‘इरा’ एकटं बाहेर गेलं की त्याला दुसरे संदर्भ चिकटतात. अमेरिकेत ते पुरुषाचं नाव आहे, हिब्रूतून आलेलं. रशियन लोकांत ‘इरिना’चं लाडकं रूप, आणि जर्मनीतही ते बायकांचं नाव म्हणून ओळखीचं. म्हणजे तुमच्या बाबतीत जर्मनीत अडचण नाही, पण नोकरी उद्या अटलांटिकपलीकडे गेली तर पत्रं ‘श्रीयुत’ म्हणून यायची. आडनाव तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून एवढंच: चार-पाच अक्षरी आडनाव असेल, मध्ये वडिलांचं नावही लांब असेल, तर परीक्षेच्या अर्जावरच्या चौकटी पुरतात का ते एकदा मोजून घ्या. आडनाव ‘राव’, ‘रानडे’ असं र-कारानं सुरू होणारं असेल तर पूर्ण नाव मोठ्यानं दहादा म्हणून बघा, जीभ अडखळते का ते.

घरातल्या विनोदांची तयारीही ठेवा. मराठीत ‘इरेला पेटणे’ हा वाक्प्रचार आहेच. दोन वर्षांची इरा जेवणाच्या ताटापुढे हटून बसली की कुठली ना कुठली मावशी हे म्हणणार.

लिपीबद्दल मी जास्त आग्रही आहे. देवनागरीत पहिला ‘इ’ ऱ्हस्व, शेवटचा ‘ती’ दीर्घ. ‘ईरावती’ चूक, ‘इरावति’ चूक, आणि ‘ऐरावती’ म्हणजे वीज, हे आता तुम्हाला ठाऊकच आहे. रोमन लिपीत प्रश्न ‘व’चा. आपल्याकडे तो डब्ल्यूनं लिहिण्याची जुनी रीत आहे. इरावती कर्वे डब्ल्यूच लिहीत. इंग्रजी बोलणारा डब्ल्यू पाहून ‘इरावॉटी’ कडे जातो, म्हणून इंग्रजी मुलखासाठी व्ही बरा. जर्मनीत उलट: तिथे डब्ल्यूचा उच्चार आपल्या ‘व’सारखा होतो, आणि व्हीचा पुष्कळ शब्दांत ‘फ’. कायम तिकडे राहायचं ठरलंय की दोन वर्षांनी परतायचंय, त्यावर हे ठरवा. नक्की नसेल तर मी व्ही घेईन. अंकशास्त्रावरून दोन आय किंवा दोन ए घालायचा सल्ला कुणी दिला तर तो नम्रपणे ऐकून सोडून द्या. पारपत्राच्या रांगेत त्या जादा अक्षराचं स्पष्टीकरण तुम्हालाच द्यावं लागेल.

शेवटी कागदपत्रं. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, पण त्या वेळी नाव ठरलेलं असलंच पाहिजे असं नाही. नाव नंतर घालता येतं: पहिल्या 12 महिन्यांत विनाशुल्क, आणि त्यापुढे 15 वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. तेव्हा बाराव्या दिवसाच्या घाईत निर्णय घ्यायची सक्ती नाही. मात्र 1 ऑक्टोबर 2023 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा धरला जातो, त्यामुळे त्यावरचं स्पेलिंग हेच पुढे सगळीकडे जाणार. आपल्याकडचा दाखला मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असतो. दोन्ही ओळी तिथेच, खिडकीसमोर उभं राहून वाचा. टंकलेखकाला ‘इरावती’ हे नाव नवीन असेल, आणि तो सवयीनं पहिला ‘ई’ दीर्घ करण्याची शक्यता दाट आहे. नाव आधीच छापील अक्षरांत, दोन्ही लिप्यांत एका कागदावर लिहून अर्जाला जोडा. बारशाच्या ताटात तांदळावर नाव लिहितानाही तोच कागद जवळ ठेवा.